तलवारीच्या पात्याला तेल कोणतं, मेण कोणतं

राजापूरजवळच्या आमच्या आजोळी माजघराच्या कोपऱ्यात दोन तलवारी आणि एक दांडपट्टा असायचा. चार वर्षांपूर्वी गणपतीला गेलो तेव्हा त्यातली एक तलवार सहज उपसायला गेलो, तर ती म्यानातून हलेना. "ओढ जरा जोर लावून," मामा म्हणाले, "दसऱ्याला निघते की." निघाली खरी, पण खर्र आवाज करत, आणि म्यानाच्या तोंडातून खवट खोबरेलाचा भपकारा आला. मुठीपासून वीतभर पातं अगदी ठीक होतं. त्यापुढं वर्षानुवर्षं न घासलेल्या समईवर असतो तसा पिवळट-तपकिरी मेणचट थर. टोकाकडची चार बोटं मात्र गंजानं कुरतडलेली, नख फिरवलं तर खड्डे लागत होते.

मामांचा चेहरा पडला. "खंडेनवमीला कधी चुकवत नाही रे मी. चांगलं वाटीभर तेल घालतो."

वाटीभर! तिथंच गोम होती. तलवार उभी ठेवलेली, त्यामुळं तेल हळूहळू टोकाकडं उतरलं आणि म्यानाच्या लाकडात मुरलं. तिथं त्यानं धूळ धरली आणि ते खवट झालं. खवट तेलात आम्लं तयार होतात आणि ती लोखंडाला खातात. त्यात म्यानाचं बूड जमिनीला टेकलेलं. कोकणात पावसाळ्यात जमीन ओल सोडते, ती लाकडातून वर चढली. वरच्या वीतभर भागावर तेलाचा नुसता पुसट हात उरला होता, आणि नेमका तोच भाग शाबूत होता.

मी बावीस वर्षं भोसरीच्या कारखान्यांत तयार मालाच्या तपासणीवर काढली. घासून चकचकीत केलेला लोखंडी भाग दोन महिने समुद्रावर राहून गिऱ्हाइकाकडं बिनगंजाचा पोचला पाहिजे, हेच काम. आता पुण्यातल्या एका मर्दानी खेळाच्या आखाड्याच्या हत्यारांची देखभाल करतो. दोन्हीकडं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. तेल कमी पडून गंजलेल्या तलवारी थोड्या. चुकीचं तेल, जास्त तेल आणि म्यान यांनी खाल्लेल्या पुष्कळ.

गंजायला लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एवढंच लागतं. पाणी दिसायला हवं असंही नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पात्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल धरू लागते. पावसाळ्यात किनारपट्टीवर हा आकडा दिवसचे दिवस ८० च्या वर असतो. मीठ असलं तर गंज त्याआधीच सुरू होतो आणि भराभर पसरतो, मग ते खाऱ्या वाऱ्यातलं असो की तुमच्या तळहाताच्या घामातलं. लोखंड आणि ओलावा यांच्यामध्ये पडदा घालणं एवढंच तेलामेणाचं काम.

आधी हातात काय आहे ते पाहा

बाजारातून आणलेली नवी स्टेनलेसची शोभेची तलवार असेल तर फार डोकेफोड नको. स्टेनलेसही खाऱ्या हवेत ठिपके धरतं, पण महिन्या-दोन महिन्यांनी कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हलका हात मारला की झालं. खेळासाठी घडवलेली साध्या किंवा स्प्रिंगच्या पोलादाची तलवार गंजते लवकर, पण ती निगा सोसते; घासली, पुन्हा तेल लावलं, बिघडत नाही.

जुन्या घराण्यातल्या हत्याराचं तसं नाही. तिथं तीन गोष्टी तपासल्याशिवाय बाटलीचं बूच उघडू नका.

पहिली, मूठ. आपल्याकडच्या जुन्या तलवारींची मूठ बहुतेक वेळा लाखेनं किंवा राळेच्या मिश्रणानं भरून पात्यावर बसवलेली असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि उष्णतेनं मऊ होते. त्यामुळं मुठीजवळ स्पिरिट, थिनर, अॅसिटोन काहीही नेऊ नका. मेण मुरावं म्हणून पातं हेअर ड्रायरनं तापवायचं असा सल्ला परदेशी तलवारींसाठी दिला जातो, तो आपल्या तलवारीवर चालवू नका. लोखंड उष्णता झपाट्यानं वाहून नेतं आणि मूठ हातात खेळायला लागते.

दुसरी, सोन्याचांदीचं काम. मुठीवर किंवा पात्यावर कोफ्तगिरी असेल तर ते सोनं म्हणजे खरवडलेल्या लोखंडावर ठोकून बसवलेला अतिशय पातळ पत्रा किंवा तार असते. राज्य सरकारनं २०२५ साली लंडनच्या लिलावातून आणलेल्या रघुजी भोसल्यांच्या तलवारीवर अशीच सोन्याची देवनागरी अक्षरं आहेत. अशा जागी घासणं, पॉलिश, रांगोळीची पूड सगळं वर्ज्य. फक्त टेकवून टिपायचं.

तिसरी, पात्याची जात. उजेडात तिरकं धरल्यावर पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ते जोहरदार पोलाद आहे. ती नक्षी वरच्या थरातच दिसते. एकदा पॉलिश पेपर फिरवला की गेली. सरळ, लांब आणि पन्हळी, म्हणजे लांब खोबण, असलेलं पातं असेल तर ते फिरंगी, म्हणजे युरोपात घडलेलं असू शकतं, आणि त्यावर कारखान्याची बारीक खूण असते. ती खूण गंजासोबत घासून टाकणारे महाभाग मी पाहिलेत.

तलवार शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्यानं ती पुरावस्तू ठरते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्र कायद्याचं काय ते आपल्या पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्या. असं पातं शिकलगाराकडं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्याकडं, ओप (चकाकी) द्यायलाही नेऊ नका. त्याची कला खेळाच्या तलवारीवर शोभते. जुन्या पात्यावर त्याचं चाक दोनशे वर्षांचा मुलामा पाच मिनिटांत उतरवतं.

जुनं तेल उतरवणं

खवट थरावर नवं तेल लावण्यात अर्थ नाही, मेण तर मुळीच नाही. आधी पातं कोरं हवं.

जुनी चादर जाड घडी करून पसरा आणि पातं त्यावर आडवं ठेवा. हातात रबरी हातमोजे घाला. सुती बोळ्यावर मिनरल टर्पेंटाइन घ्या. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामाच्या सामानात मिळतं. रॉकेल चालतं, पण ते मागं स्वतःचा तेलकटपणा ठेवतं. बोळा मुठीकडून टोकाकडं, नेहमी पात्याच्या पाठीकडून धरून फिरवायचा. धारेकडून धरला तर एक दिवस बोट जाणारच. बोळा काळा-पिवळा झाला की टाका, तोच पुन्हा फिरवू नका. वाळून चामड्यासारखा झालेला थर निघत नसेल तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली पट्टी अर्धा तास त्यावर ठेवा आणि बांबूच्या कामटीनं खरवडा. बांबू पोलादापेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही.

शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. त्यानं उरलासुरला तेलकटपणा आणि बोटांचे ठसे जातात. पण मुठीच्या चार बोटं अलीकडंच थांबा. हे सगळं खिडकी उघडी ठेवून करा, आणि देवघरात नंदादीप तेवत असेल तर दुसऱ्या खोलीत.

गंजाबद्दल थोडक्यात. काळसर, गुळगुळीत, बोटाला न लागणारा डाग तसाच राहू द्या, तो उपद्रव देत नाही. नारिंगी, भुरभुरीत, फडक्याला लागणारा गंज जिवंत असतो. त्यावर हलकं तेल लावून दोन-तीन दिवस ठेवा आणि कामटीनं उचलत जा. लिंबू, चिंच, संडास साफ करायचं अॅसिड, यातलं काहीही नको. लिंबानं पातं तासाभर लखलखतं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट गंजतं, कारण आम्ल खड्ड्यांत बसून राहतं.

स्वयंपाकघरातली तेलं

"पूर्वी काय होतं? खोबरेलच लावायचे ना?" हा प्रश्न मला दर दसऱ्याला ऐकू येतो. लावायचे, आणि चालायचंही. पण ते हत्यार रोज किंवा आठवड्याला हाताळलं जायचं, पुसलं जायचं, पुन्हा तेल लागायचं. वर्षातून एकदा लावून विसरायचं असेल तर हिशोब बदलतो.

खाद्यतेलांचे दोन दोष. एक, ती वाळतात. दुसरं, ती खवटतात. कोणतं तेल किती वाळणार हे त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळतं. खोबरेलाचं ते १० च्या आसपास, शेंगदाण्याचं ९०-१००, करडईचं १४० च्या घरात आणि जवसाचं १७० च्या वर. आकडा जितका मोठा तितकं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. जवसाचं तेल रंगात आणि लाकडाला वापरतात ते याच गुणासाठी. पात्यावर तोच गुण अवगुण ठरतो. पिवळा, चिवट पापुद्रा तयार होतो, तो एकसारखा बसत नाही, आणि त्याच्याखाली गंज कधी सुरू झाला ते दिसत नाही. सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरांत करडईचं तेल लावलेल्या तलवारी म्यानात अक्षरशः चिकटलेल्या सापडतात. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात.

खोबरेल वाळत नाही, एवढं त्याच्या बाजूनं. पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे पुण्या-नाशकाच्या थंडीत पात्यावर त्याचे पांढरे गोळे होतात आणि मधल्या जागा उघड्या पडतात. आणि पितळ असेल तिथं ते आणखी एक खोडी करतं. म्यानाच्या टोकाच्या पितळी टोपीच्या सांध्यांत हिरवा, मेणासारखा मळ दिसला तर ओळखा, तेलातल्या आम्लांनी पितळेतलं तांबं खायला घेतलंय. मामांच्या म्यानातून मी तो टाचणीनं काढला. काडेपेटीच्या तळाला पसरेल एवढा निघाला.

एरंडेल त्यातल्या त्यात बरं. वाळत नाही आणि लोखंडाला धरून राहतं, पण घट्ट असल्यानं धूळ गोळा करतं. तूप नको. घरात दुसरं काहीच नसेल आणि बाहेर पाऊस कोसळत असेल तर कोरड्या पात्यापेक्षा खोबरेलाचा पुसट हात केव्हाही चांगला. फक्त पंधरा दिवसांत तो पुसून बरं तेल लावा.

मेडिकलमधलं, शिलाई मशीनचं आणि कारखान्यातलं

खनिज तेलं ना वाळतात ना खवटतात. निवड इथंच करायची.

माझी पहिली पसंती मेडिकलच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनला. शुद्ध, बिनवासाचं, बिनरंगाचं, आणि तलवारीला पुरेशी घट्टता. पोट साफ होण्याचं औषध म्हणूनही ते विकतात, त्यामुळं मी तिसऱ्यांदा बाटली घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं काळजीनं विचारलं, "काका, डॉक्टरांना दाखवलंत का?" एक बाटली दोन तलवारींना काही वर्षं पुरते.

शिलाई मशीनचं तेल पातळ, स्वच्छ आणि जवळपास प्रत्येक गावात मिळणारं. पातळ असल्यानं बारीक खाचांत शिरतं, पण तितकंच लवकर ओघळतं. रोज सरावाला निघणाऱ्या तलवारीला उत्तम. कपाटात ठेवायच्या तलवारीला कमी पडतं.

डब्ल्यूडी-४० घराघरांत आहे म्हणून सगळे तेच मारतात. त्याच्या नावातच त्याचं काम आहे: पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत ते बनलं. त्यात उडून जाणारा द्रव भरपूर असतो; तो उडाला की मागं उरतो तो फार पातळ थर. पावसात भिजलेल्या पट्ट्यावर मारा, पुसा, आणि मग खरं तेल लावा. तेच शेवटचं समजून तलवार ठेवून दिलीत तर पावसाळ्याच्या मध्यावर ठिपके दिसतील.

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये ज्याला आरपी ऑइल म्हणतात ते गंजरोधकच असतं. त्यात लोखंडाला चिकटून राहणारी रसायनं घातलेली असतात, म्हणून तितक्याच जाडीच्या साध्या तेलापेक्षा ते जास्त टिकतं. आखाड्याला, जिथं तीस-चाळीस हत्यारं एकदम सांभाळायची असतात, तिथं मी हेच सुचवतो. मात्र ते लहान बाटलीत सहसा मिळत नाही, वास उग्र असतो, आणि खेळायच्या आधी नीट पुसावं लागतं. हाताळताना मोजे घाला.

बलिस्टॉल हे जर्मन तेल, १९०४ चं, मुळात सैन्यासाठी बनलेलं. किंचित अल्कधर्मी असल्यानं घामाच्या आम्लाला उतारा मिळतो. ऑनलाइन मिळतं, महाग पडतं, चांगलं आहे. पण लिक्विड पॅराफिनच्या कितीतरी पट पैसे मोजण्याइतकं चांगलं आहे का? मला तरी वाटत नाही.

जपानी तलवारींचं चोजी तेलही आता ऑनलाइन दिसतं. मूळ पद्धतीत कॅमेलियाच्या बियांच्या तेलात लवंगेचं तेल असायचं. आज विकलं जातं ते बहुतेक हलकं खनिज तेल आणि वासापुरती लवंग. आवडत असेल तर लिक्विड पॅराफिनमध्ये लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाका, झालं तुमचं चोजी. त्यासोबत येणारी रेशमी कापडातली भुकटी मात्र आपल्या पात्याला लावू नका. ती दगडाची पूड असते आणि जपानी ओपासाठीच बनलेली आहे.

जळकं ऑइल, म्हणजे गाडीतून काढलेलं काळं इंजिन ऑइल, खेड्यांत सर्रास लावतात. नांगराच्या फाळाला लावा, तलवारीला नको. इंधन जळताना तयार झालेली आम्लं, काजळी आणि पाणी त्यात मुरलेलं असतं. सिलिकॉनचा फवाराही टाळा. एकदा बसला की निघता निघत नाही आणि वर दुसरं काही धरत नाही.

व्हॅसलीन, म्हणजे पांढरी पेट्रोलियम जेली, हे तेल आणि मेण यांच्यामधलं. बाहेरगावी जायचंय, सहा महिने घर बंद, तेव्हा तिच्यासारखं काही नाही. नखावर येईल एवढी जेली अख्ख्या पात्यावर पसरवायची. पण विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या माळ्यावर तलवार असेल तर जेली पातळ होऊन ओघळते.

मेण

तेल फिरतं, मेण बसतं. निवडीचा सगळा गाभा या चार शब्दांत आहे. ओरखडा उठला तर तेल सरकून तो झाकतं, पण सरकण्याचा तोच गुण त्याला टोकाकडं ओघळवतो. मेण जिथं लावलं तिथं राहतं, धूळ धरत नाही, हाताला लागत नाही; पण ओरखडा उठला की तो उघडाच राहतो. म्हणून जी तलवार म्यानातून सारखी आतबाहेर होते तिला तेल. जी भिंतीवर किंवा कपाटात शांत पडून असते तिला मेण.

मधमाशांचं मेण पारंपरिक खरं, वितळतं साधारण ६२-६५ अंशांना, म्हणजे आपल्या उन्हाळ्याला दाद देत नाही. पण त्यात मोकळी आम्लं असतात. खेळाच्या तलवारीला हरकत नाही. जुन्या पात्याला आणि पितळेला नको. मेणबत्तीचं पॅराफिन ठिसूळ, वाळलं की सालपटं निघतात. गाडीच्या पॉलिशमध्ये घासणारी पूड आणि सिलिकॉन असतं, बूट पॉलिशमध्ये रंग. दोन्ही बाद.

वस्तुसंग्रहालयांच्या कामात नाव निघतं ते सूक्ष्मस्फटिकी मेणाचं. हे पेट्रोलियमपासूनच काढतात, पण याचे स्फटिक साध्या पॅराफिनपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळं थर लवचीक राहतो आणि धातूला धरून बसतो; शिवाय रासायनिकदृष्ट्या उदासीन. याच जातीचं रेनेसान्स वॅक्स १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालं. छोटी डबी भारतात ऑनलाइन मिळते. किंमत पाहून डोळे विस्फारतात, पण एका तलवारीला लागतं ते हरभऱ्याच्या दाण्याएवढं. जुन्या, न हाताळल्या जाणाऱ्या पात्याला मी दुसरं काही सुचवणार नाही.

लावायचं कसं

तेलासाठी. पातं कोरं आणि खोलीच्या तापमानाला आलेलं हवं. एसी गाडीतून तलवार कोकणात उतरवली की गार पात्यावर दव धरतं, तेव्हा तासभर थांबा. धुवट मलमलीचं तळहाताएवढं फडकं घ्या, त्यावर दोन थेंब तेल टाका, फडकं चुरगाळून ते सगळीकडं पसरू द्या. तीस इंची पात्याच्या एका बाजूला चार ते सहा थेंब एकूण पुरतात. थेंब पात्यावर टाकायचे नाहीत, फडक्यावर टाकायचे. पाठीकडून धरून मुठीपासून टोकापर्यंत एकच सलग हात. पन्हळीत काडीला कापूस गुंडाळून फिरवा. मूठ आणि पातं जिथं मिळतं त्या सांध्यात कापसाची जेमतेम ओली काडी. तिथं तेल साचलं तर लाखेत आणि मुठीच्या गादीत झिरपतं.

आता दुसरं, कोरडं फडकं घ्या आणि लावलेलं पुसून काढा. हो, पुसून. लोकांना इथंच जड जातं. पातं दिव्याकडं तिरकं धरलं की एकसारखी मंद झळाळी दिसली पाहिजे. थेंब, ओघळ किंवा इंद्रधनुषी डाग नको. खात्रीसाठी टिश्यू पेपर दाबून बघा. कागदावर पुसट सावली उमटली तर बरोबर, ओला पट्टा उमटला तर पुन्हा पुसा.

मेणासाठी. तेलाचा अंशही नको, नाहीतर मेण धरत नाही. मऊ सुती फडक्यावर चिमूटभर मेण घेऊन वीतभर भागावर गोल गोल फिरवत पातळ पसरवा. दहा-पंधरा मिनिटांत त्यातला द्रव उडतो आणि पातं धुरकट दिसतं. मग स्वच्छ फडक्यानं चमक येईपर्यंत फिरवा आणि पुढचा वीतभर भाग घ्या. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. पहिल्या हातात सुटलेली सुईच्या अग्राएवढी छिद्रं त्यानं बुजतात, म्हणून तो टाळू नका. मेण लावलेल्या पात्यावर वर तेल लावायचं नाही. तेल मेणाला मऊ करतं आणि दोन्ही वाया जातात.

पट्ट्याचं थोडं वेगळं. दांडपट्टा २०२४ च्या शिवजयंतीला राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, पण तो गंजतो कुठून हे फार जण पाहत नाहीत. पातं लवचीक, सतत दिसणारं, त्याची काळजी घेतली जाते. गंज लागतो तो कोपरापर्यंतच्या खोळीच्या आत. तिथं खेळणाऱ्याचा घाम गादीत मुरतो आणि आडव्या पकडीची दांडी आतून खाल्ली जाते. प्रत्येक सरावानंतर खोळ उलटी करून पंख्याखाली वाळवा, महिन्यातून एकदा पकडीच्या दांडीला आरपी ऑइलचा हात मारा, आणि गादी वर्षाला बदला.

म्यान, भिंत, कपाट

म्यानात ठेवलेली तलवार सुरक्षित, ही सर्वांत महागात पडणारी समजूत. आपलं म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या आणि वर चामडं किंवा मखमल. लाकूड हवेतली ओल पितं, कमावलेल्या चामड्यात आम्लं आणि क्षार असतात, आणि आत वर्षांचं खवट तेल. पावसाळ्याचे चार महिने तरी तलवार आणि म्यान वेगळे ठेवा. म्यानात कधीही तेल ओतू नका.

तलवार आडवी ठेवा. भिंतीवर टांगायची तर बाहेरच्या भिंतीवर नको. पावसात तीच भिंत ओल धरते. आतल्या भिंतीवर, दोन बोटं अंतर ठेवून, आकड्यांना नमदा किंवा सुती कापड गुंडाळून. वर्तमानपत्रात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळणं म्हणजे ओल आत कोंडणं. कारखान्यात आम्ही व्हीसीआय कागद वापरायचो. त्यातून निघणारी वाफ धातूवर बसते आणि गंज रोखते. तो कागद घट्ट बंद पेटीत महिनोन्महिने काम करतो. पेटीत सिलिका जेलच्या नारिंगी दाण्यांची पुडी टाका. ओल पिऊन दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवायचे, पुन्हा तयार.

खंडेनवमीचा दिवस

पूर्वी पावसाळाभर फौजा छावणीत असायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीवर निघायच्या. चार महिन्यांच्या ओलीनंतर हत्यारं बाहेर काढून पाहायचा दिवस म्हणून खंडेनवमी किती मोक्याची आहे, हे मला गंजाचं काम करायला लागल्यावर जाणवलं. पण आज वर्षातला सर्वांत जास्त गंज त्याच दिवशी लागतो. ओलं हळदकुंकू, पंचामृताचे शिंतोडे, पाण्यात बुडवलेली झेंडूची फुलं, आणि हे सगळं दसऱ्याच्या रात्रीपर्यंत तसंच पात्यावर. आखाड्यातल्या एका तलवारीवर झेंडूच्या पाकळीची आख्खी छाप आहे, शिरांसकट, करड्या रंगात कोरल्यासारखी. एका रात्रीत उमटली, अजून निघाली नाही.

पूजेच्या आधी पात्याला नेहमीपेक्षा किंचित जास्त तेल लावा. हळदकुंकू मुठीला किंवा म्यानाला लावा. पात्याला लावायचंच तर कोरडं, एकच बोट. फुलं पात्याखाली पाटावर मांडा, वर नको. आरती झाली की तासाभरात पातं कोरड्या फडक्यानं पुसा, मग अल्कोहोलचा बोळा, मग नवं तेल.

बाकी वर्षाचं गणित तुमच्या गावावर. कोकण, मुंबई, गोव्यात मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, पातं कोरं करून नवं तेल. मग दिवाळीपर्यंत दर पंधरा-वीस दिवसांनी पुसून पुन्हा. घाटावर पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि उरलेल्या वर्षात दोन-तीनदा पुरतं. मेण असेल तर सहा महिन्यांनी नवा हात, पण बघायचं मात्र दर महिन्याला, टॉर्च तिरका धरून. नारिंगी ठिपका दिसला तर अख्खं पातं धुवायला काढू नका. तेवढ्या जागी टर्पेंटाइनची काडी, कामटी, अल्कोहोलची काडी, आणि तेल किंवा मेण जे आधी होतं तेच पुन्हा. आणि तोच ठिपका तिसऱ्यांदा त्याच जागी आला तर पातं सोडा, तिथं कोणाचा हात लागतो किंवा आकड्याचं कापड ओलं राहतं का ते बघा.